नागोबावर तलवार

४ ऑगस्ट २०२५, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. अंबडच्या बससाठी रांगेत सतरा जण. तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले सानप सर अठरावे. त्यांच्या पुढे हर्षल आणि निकिता हे दोघे मित्र स्वतः बनवलेल्या ड्रॅगनच्या व्हिडिओ गेमविषयी बोलत होते.

“डोंगरांवरचं उड्डाण सगळ्यांना आवडलं, निकिता.”

“आणि लढाई? दहा जणांना खेळायला दिला, पाचच शेवटाला पोचले. सहा झाले तरच कंपनी गेम घेणार.”

“लढाई लांबते, मान्य.”

“ते नाही रे हर्षल. तू ड्रॅगनचं मराठी ‘नागोबा’ केलंस. नुकतीच नागपंचमी झालीय, त्याच्यावर तलवार कोण उचलेल?”

“दहातली कुसाआत्या विचारायची राहिलीये. फोन स्पीकरवर घेतो. आत्या, नागोबाला मारलं का?”

“तुझ्या जिभेला काही हाड हाय का? मी नाय मारत.”

“गेला गेम.”

“थांब. आत्या, निकिता बोलतेय. काल मी त्यात दुधाची वाटी घातलीय. दिसली?”

“दिसली ना. त्याच्यापुढं ठेवली, तसा गडी बाजूला सरला. मी कवाच राजवाड्यात पोचले.”

“म्हणजे संपला गेम?”

“संपला. आता दुसरा धाड.”

सानप सरांनी बोटांवर मोजले: दहापैकी सहा.