डोळ्यापुढच्या चिमण्या

दोन वाजून दहा मिनिटं झालती बगा, दुपारची — तवापास्नं सुरू झालं हे सगळं, मॅडम. घड्याळ माझ्या मशीनच्या डोक्यावरच हाय म्हणून ठावं. न्हाय न्हाय, तुमी उठू नका की, बसा, चहा घ्या. इंद्रजीत साहेब कागद आणायला ऑफिसात गेल्यात. जाताना मला म्हणले, महेश्वरी, मॅडमपाशी थांब, काय लागलं तर बघ, आन् कमी बोल. मी कमीच बोलते. तुमी विचारलाव म्हणून — तुमीच विचारलाव न्हाय का, ह्या खोलीत दिव्याचा काय त्रास हाय का म्हणून? दिवे तपासत सगळा कारखाना हिंडलाव, कुणाला विचारलं न्हाय, हितं पाळणाघरात येऊन विचारलाव. आन् ते लिहू नका, मॅडम. पेन तेवढा ठेवा खाली. — ही झोळी? ह्यात माझाच लेक हाय, बसू नाव त्याचं. दहा महिन्याचा झालाय. बाकीच्या लेकरांसंगं आत्ताच निजलाय, म्हणून हळू बोलायलेय.

तर दोन-दहाला काय झालं, तर ही खिडकी काळी झाली. ही, तुमच्या पाठीमागची. हितनं बगा, पटांगणाच्या पल्याड शिलाईचं शेड दिसतंय का? तितं तिसऱ्या मशीनवर मी टॉवेलाचे काठ मारते. मान वर केली की समोर ही खिडकी. पुढं कंपाउंडची भिंत हाय म्हणून ह्या खोलीत दिवसाबी अंधार, दिवा लागतोच. मग मी काय करायची, एक टॉवेल झाला की एकदा बघायची. खिडकी पिवळी दिसली की माझं लेकरू बरं हाय. पुन्हा टॉवेल, पुन्हा खिडकी. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. आन् त्या दिवशी मान वर केली तर काळी! दोराबी तोडला न्हाय, टॉवेल मशीनमधी तसाच, पळत सुटले. येऊन बघते तर काय — सगळी लेकरं गाढ निजलेली, आन् अक्कम्मा, लेकरं सांभाळायची ती म्हातारी, भिंतीला टेकून गुमान दुपटी घड्या घालायलीय. अंधारात! मला बघून हसली. म्हणली, हुच्ची हाइस काय गं, येडे, दिवाबी निजला लेकरांसंगं.

तिला हसू आलं, मला न्हाय आलं. आमच्यात दिवा विझला म्हणत न्हायत, दिवा मोठा झाला म्हणतात. आन् लेकरू निजलेल्या खोलीत तर तो मोठाबी करत न्हायत. दुधनीला माहेरी माझी आई अजून, बसूला घेऊन गेले की, रातभर कोनाड्यात एक वात ठेवते. तुमी हसाल. हसा. माझं मन असंच हाय, वाईटाकडंच पहिलं पळतं. नवरा म्हणतो, तुला भ्यायला कारण लागत न्हाय, जागा लागते फकस्त.

दिवे नवीन बसवून आठवडाबी झाला नव्हता तवा. बसवणाऱ्याला विचारलं, तो शिडीवरच होता. म्हणला, वहिनी, हे शहाणे दिवे हायत. तो भिंतीवर पांढरा डोळा दिसतोय का, तो माणूस हललेलं बघतो. थोडा वेळ कुणी हललं न्हाय तर समजतो खोली रिकामी, आन् दिवा बंद. वीज वाचते. मी म्हणलं, अरे पण लेकरं निजली की हलत न्हायत, आन् त्यांच्यापाशी बसलेली म्हातारी त्यास्नी उठवायला कशाला हलंल? तर म्हणतो, ते मानकाप्रमाणं हाय, वहिनी, माझ्या हातात काय न्हाय. झालं! आता मानक म्हंजी काय, कुटं राहतं, त्याला लेकरं हायत का न्हायत — कुणाला विचारायचं?

मग अक्कम्मा बसल्या जागी हात हलवायची. माशी हाकल्यागत. म्हातारं माणूस, तिचा डोळा लागला की खिडकी काळी, की मी पळाले. दिवसातनं कितींदा पळायचं? साहेब बघायले होते. म्हणून मग — म्हणून मी ते चिमणाळं केलं. ते काय, डोळ्याच्या खाली टांगलंय ते. तुमाला वाटलं असंल लेकरांस्नी खेळायला हाय. टॉवेलाच्या काठाच्या चिंध्या उरतात ना, त्याच्या चिमण्या शिवल्या, पोटात कापूस भरला, पंखास्नी चमकीचा कागद लावला. पंख्याचं वारं लागलं की दिवसभर नाचतात. डोळ्याला वाटतं माणूस हाय. तवापास्नं खिडकी एकदाबी काळी झाली न्हाय. बायकांनी मला डोक्यावर घेतलं. शेजारच्या मशीनवरची पायल म्हणली, महेश्वरी, तू सातवीत शाळा सोडलीस ते बरं झालं, न्हायतर इंजिनियर झाली असतीस आन् आमाला वळखलं नसतंस.

आता तुमी म्हणाल ह्यात वाईट काय झालं.

सांगते. साहेबांच्या कंप्युटरवर उमटतं ना, कुठल्या खोलीत माणूस हाय आन् कुठल्यात न्हाय — तुमाला मी काय सांगायचं, मघाशी तुमीच तर बघत होताव दोघं. एक दिवस साहेब शेडात आले आन् म्हणले, तुमी बायका पाळणाघरात लई बसताव. शिफ्ट लागल्यापास्नं सुटेपर्यंत ती खोली एक मिनिट रिकामी नसते. पायल म्हणली, सर, आमी हितं मशीनवर, तितं आमची भुतं बसत असतील. सगळ्या हसल्या. मीबी हसले. मी तर जास्तच हसले, कारण मला ठावं होतं भूत कुणी टांगलंय ते. आन् सोमवारी साहेबांनी अक्कम्माला पॅकिंगला धाडलं. म्हणले, आया आळीपाळीनं जाऊन बसतातच की, कंप्युटरच सांगतोय, मग वेगळी बाई कशाला? म्हातारी पानाची चंची कमरेला खोचून गेली. जाताना दारातनं मला म्हणली, लेकरांकडं बघ गं. बस्स, तेवढंच.

मी तवाच का सांगितलं न्हाय? — असं बघू नका, मॅडम. मी मला रोज विचारते. सांगितलं असतं तर साहेबांनी चिमणाळं काढलं असतं, आन् खिडकी काळी झाली असती. मला ती काळी खिडकी बघवत न्हाय. खरं सांगू? खोलीत कुणी न्हाय हे ठावं असून, पिवळी खिडकी दिसली की मला बरं वाटायचं. माझ्याच हातानं केलेलं खोटं, आन् माझाच जीव त्याच्यावर थंड व्हायचा. आमी ठरवलंतं आळीपाळीनं जाऊन यायचं म्हणून. पण मशीन सोडली की टॉवेल कमी, टॉवेल कमी झाले की साहेब मागं उभे. हळूहळू सगळ्याच खिडकीकडं बघायला लागल्या. पिवळी हाय ना? मग बरं हाय.

परवा पिवळीच होती. मी वर बघितलं, पिवळी. टॉवेल. वर बघितलं, पिवळी. मी गाणं म्हणत होते, मॅडम. आन् पायल पाणी प्यायला गेली होती, तिला हितनं काहीतरी आवाज आला — रडण्याचा न्हाय, रडणं नसल्याचा. ती म्हणते तसंच, मी काय बनवून सांगत न्हाय. आत आली तर बसू झोळीतनं निम्मा बाहेर, तोंड उघडं, ओठ निळसर. चिमणीच्या पंखाचा चमकीचा कागद. तो सुटून खाली पडलेला, त्यानं तोंडात घातलेला, टाळूला चिकटून घशात उतरायलेला. पायलनं बोट घालून काढला. त्यानं उलटी केली, मग बोंबलला. तो बोंबलला तवा मला ऐकू आलं, पटांगणाच्या पल्याड. आन् मी मान वर करून बघितलं — अजूनबी पिवळी.

पंखांचा सगळा कागद मी त्याच सांजेला खरवडून काढलाय. चिंध्या तेवढ्या नाचतात आता. डोळ्याला चिंध्याबी चालतात.

काल साहेबांनी सगळ्यास्नी हुबं केलं. म्हणले, कंप्युटर सांगतोय खोलीत माणूस होतं. मग कोण होतं? जी होती तिचं ध्यान कुटं होतं? सगळ्या फरशीकडं बघायल्या. मीबी. आन् आज तुमी आलाव. चिंचोळीला आमच्याच कारखान्याचं नवीन शेड बांधलंय, तितंबी पाळणाघर हाय. तुमचं प्रमाणपत्र मिळालं की तितं बाई ठेवायचीच न्हाय, असं साहेब फोनवर बोलताना मी ऐकलंय. तिकडं परदेशात टॉवेल घेणारे कागद बघणार, म्हणणार, वा, पाळणाघरात दिवसभर माणूस असतं.

काय म्हणलाव? — व्हय, तुमचा शिक्का खरा हाय, मी कुटं न्हाय म्हणतेय. ह्या कंपनीचा डोळा, त्या कंपनीचा दिवा, दोघं एकमेकांचं ऐकतात का, तेवढंच तुमी बघताव. ऐकतात की! लई ऐकतात. डोळा म्हणतो माणूस हाय, दिवा म्हणतो व्हय. पण डोळा कुणाला बघतोय? — ते तुमच्या तपासणीत येत न्हाय? मग कुणाच्या येतंय, मॅडम? अक्कम्माच्या येत होतं. तिला तर धाडलं पॅकिंगला.

थांबा. उठू नका. जरा कप खाली ठेवा. मी हे चिमणाळं हातात धरते — असं. आता ते हलत न्हाय. झोळीबी थांबू द्या. तुमी हलू नका, मान हलवू नका, त्या पेनाकडं तर हात नेऊच नका. मी फकस्त ओठ हलवते, तेवढं त्याला दिसत न्हाय. लागतो थोडा वेळ. साहेब यायच्या आत होईल.

बसू, नीज रे. नीज माझ्या राजा.

दिवा गेला. बघितलाव? मला तुमचं तोंड दिसत न्हाय आता, तुमाला माझं न्हाय. दोघी हाव आपण हितं, आन् निजलेली लेकरं. तिकडं कंप्युटरवर काय उमटलं असंल सांगा — खोली रिकामी. आन् चिंध्या नाचत होत्या तवा म्हणत होता, माणूस हाय.

पाय वाजायलेत. साहेबच. दार उघडलं की लागंल बगा, त्यास्नी बरोबर बघतो तो. आत्ता लगीच सांगते, पुन्हा माझ्याच्यानं बोलवणार न्हाय — एवढं सांगा, मॅडम. साहेबांस्नी सांगा, तुमच्या पुण्याच्या ऑफिसात सांगा, ते टॉवेल घेणारे हायत त्यास्नी त्यांच्या भाषेत सांगा. हितं माणूस नव्हतं. चिंध्या होत्या, महेश्वरीनं शिवलेल्या. नाव सांगा माझं, चालंल. आन् चिंचोळीत दिवा काय लावायचा तो लावा, पण लेकरांपाशी बाई बसवा. हितं अक्कम्माला परत बसवा म्हणून सांगा. — श्श. दारातनं साहेबांस्नी अंधार दिसू द्या. हलू नका.