प्रार्थनेतला कोंबडा

मंडळी, एक सांगा — माणूस चूक बघून चोर ठरवतो, की चोर आधी ठरवून मग चूक शोधतो? बोला की! ...अहो तात्या, चप्पल नंतर शोधा! बसा खाली. आख्यान ऐका.

एका गावच्या शाळेत दामू गुरुजी. माणूस देवासारखा हो, पण कानानं ऐकायच्या आधी मनानं ऐकायचे! त्यांच्या वर्गात पाटलांचा रणधीर आणि पारध्यांच्या पालावरची सुरमी. दोघंही कोंबड्यासारखं आरवण्यात पटाईत! रणधीर आरवला की गुरुजी खूश — "कलाकार आहे लेकाचा!" आणि सुरमी आरवली की? "रक्तातच आहे यांच्या!" अहो, आरवणं तेच! कोंबडीलासुद्धा फरक कळला नसता!

शेवटी गुरुजींनी बजावलं, "सुरमे, पुन्हा आरवलीस तर सहल बंद!" सहल होती समुद्राला. पोरगी रोज आईला विचारायची, "आये, त्याला पल्याडचा काठच नसतोय व्हय गं?" तेव्हापासून तोंडाला कुलूप. शिंकसुद्धा दाबून द्यायची बिचारी!

सहलीच्या आदल्या दिवशी शाळेत आले मोठे साहेब. प्रार्थना सांगायला माईकवर सुरमी — गळा गोड ना! सगळ्यांचे डोळे मिटलेले, गुरुजींचे तर घट्ट! पोरगी गातेय, गातेय, आणि मध्येच — कुकूऽऽचकूऽऽ!

गुरुजी मिटल्या डोळ्यांनीच गरजले, "सुरमे! तोंड बंद! सहल बंद!"

झालं! सुरमी गप्प. प्रार्थना गप्प. आणि कोंबडा? — कुकूऽऽचकूऽऽ!

हसताय काय? डोळे उघडून बघतात तर रणधीर, छाती फुगवून, मान वर! साहेब म्हणाले, "काय हो गुरुजी, ही मुलगी एकाच तोंडानं गात पण होती आणि आरवत पण होती?"

सुरमी रडायला लागली. "गुर्जी, म्या नाय आरवले. मला समुद्र बघू द्या."

मेल्याहून मेल्यासारखं झालं हो गुरुजींना! भर शाळेत स्वतःचे कान धरले. म्हणाले, "चुकलो पोरी. तू आरवलीस तरी येशील." आणि दुसऱ्या दिवशी समुद्र बघून सुरमी अशी काही आरवली, की तिच्या जोडीला गुरुजीपण आरवले!

गुरुजींना हसलात. आता तुमचं बघू! मघाशी तात्यांची चप्पल हरवली, तेव्हा तुमच्या माना कुणाकडं वळल्या? मी इथून बघत होतो! दाराशी उभ्या असलेल्या त्या पालावरच्या माणसांकडं! आणि चप्पल? ती घालून आमचे पखवाजवाले बुवा मागं जाऊन आले, आणि विहिरीपाशीच विसरले!

चला, त्या माणसांना पुढं बसायला जागा द्या. तात्या, आधी तुम्ही सरका.