राष्ट्रपतींचा खिसा

नव्या राष्ट्रपतींचा शपथविधी झाला, त्या आठवड्यातली गोष्ट. चिंचवडच्या बसथांब्यावर मंजुळाबाईंच्या पुढे कंपनीतून सुटलेले दोघे उभे होते.

"राष्ट्रपती म्हणजे घरातला पतीच की, रंगराव! कारभार दुसऱ्याचा, सही याची."

"मी न्हाई करत सही. पोरगी नर्सिंगला जाते म्हणती. अर्ज आला तसा माघारी धाडला."

"आणि वहिनी?"

"तिनं काल पुन्हा पुढं केला."

"मग संपलं! संसदेचं विधेयक राष्ट्रपतीला एकदाच परत धाडता येतं. दुसऱ्यांदा आलं की सही करावीच लागते."

"किती दिवसांत?"

"ते काही घटनेत लिहिलेलं नाही."

"झालं तर, ज्योतीराम! हा बघ अर्ज, खिशात. बसतो गप."

"बसा. पण राष्ट्रपतींना सरकारी आचारी असतो, राव. आज डब्यात काय होतं?"

"...भाकरी."

"आणि?"

"कांदा."

"चिरलेला?"

"अख्खा."

बस दिसू लागली.

"पेन हाय का रं तुझ्याकडं?"

ज्योतीराम खिसे चाचपू लागला. तोवर मंजुळाबाईंनी मागून आपलं पेन पुढे केलं, टोपण काढून.