मोटरबोटीचा परवाना

मोटरबोटीच्या परवान्याची परीक्षा होती. खोलीबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक नवराबायको बसले होते. बाई प्रश्न विचारून नवऱ्याची तयारी करून घेत होत्या.

"समोरून दुसरी बोट आली, तर काय करायचं?"

"भोंगा वाजवायचा. तो होईल बाजूला."

"आणि त्यानंही भोंगाच वाजवला तर?"

"तुला नेहमी वाईटच कसं गं सुचतं?"

"अहो, दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं. ऑनलाइन धड्यात आहे."

"असेल. धडे तूच केलेस ना माझ्या नावावर."

"हो, शंभर टक्के मिळाले तुम्हाला. भारी हुशार आहात. बरं, लाइफ जॅकेट कशासाठी?"

"बूड टेकायला. सीट फार कडक आहे."

"अंगात घालायचं असतं ते."

"मी पट्टीचा पोहणारा आहे."

"होतात. आता नुसते तरंगाल."

"एवढी उलटतपासणी कशाला? रविवारी तुझ्याच आईला फिरवून आणायचंय ना?"

"म्हणूनच. तिला पोहता येत नाही."

"मग नको म्हणावं तिनं."

"म्हणालीच. जावईबापू चालवणार असतील तर मी काठावरून हात हलवीन, म्हणाली."

तेवढ्यात दारातून कारकुनानं बाईंना आत बोलावलं.

"अगं, तुला कशाला बोलावतायत?"

"धडे मी दोनदा केले. एकदा तुमच्या नावावर, एकदा माझ्या."

"मग बोटीत मी काय करायचं?"

"आईशेजारी बसा. उपदेश करायला तिला कुणीतरी लागतंच."