गिरणीचं चाक थांबलं तेव्हा

कानाच्या दवाखान्यात शिंपीणबाई नंबरची वाट पाहत होत्या. समोरच्या बाकावर एक आजी आजोबांकडे तोंड करून बोलत होत्या.

“गिरणीनं कान घालवले तुमचे. आता तरी मशीन लावा.”

“कशाला? मागांच्या खडखडाटात तुझे ओठ वाचूनच तर लग्न जमलं.”

“आवाज कुठे ऐकला होतात!”

“ऐकला की. नदी आटली, तिच्यावर फिरणारं गिरणीचं चाक थांबलं, तेव्हा. मुकादमाला झापत होतीस.”

“तुम्हाला कामावरून काढत होता मेला!”

“तरी मशीन नको.”

“का पण?”

“मग तू स्वयंपाकघरातूनच बोलशील. आता प्रत्येक शब्दाला समोर येऊन बसतेस.”

नर्सनं आजोबांचा नंबर पुकारला.

“बाई, तुम्ही व्हा पुढे,” आजी शिंपीणबाईंना म्हणाल्या. “आमचं बोलणं व्हायचंय अजून.”