सासूबाईंच्या खात्यावरचं सलून

करखात्याच्या बाहेरच्या बाकावर, माझ्या शेजारी, एक सलूनवाला आणि त्याची सासू बसले होते. नोटीस सासूच्या हातात होती.

“आई, आत एवढंच सांगायचं, की हे पैसे लोकांनी मला भेट म्हणून पाठवले.”

“रोज चाळीस पुरुष मला भेट पाठवतात? या वयात? साहेब खुर्चीवरून पडेल, जावईबापू.”

“अहो, तुमच्या खात्याचा क्यूआर कोड दुकानात लावला तो घराच्या भल्यासाठीच ना? सगळे पैसे माझ्या खात्यात आले असते तर मला कर बसला असता.”

“आता मला बसलाय. जन्मात कुणाची दाढी केली नाही, आणि कागदावर माझं सलून धो धो चाललंय.”

“म्हणून तर भेट सांगा म्हणतो.”

“खोटं मी बोलणार नाही. सलून माझंच आहे म्हणते आणि कर भरून मोकळी होते.”

“पण तेही खोटंच आहे!”

“त्याला कागद आहे.”

“आई, ते पैसे माझे आहेत हो!”

“जरा मोठ्यानं बोला. आत साहेबांना ऐकू जाऊ दे.”

जावई एकदम कुजबुजायला लागला.

“बरं, कर भरून उरतील ते तरी मला परत द्याल ना?”

“परत कशाला? पगार देईन. हात चांगला आहे तुमचा.”

शिपायानं सासूबाईंचं नाव पुकारलं. त्या पदर सावरत उठल्या.

“आणि उद्यापासून दुकान नऊला उघडायचं. साडेदहाला उगवणारा माणूस मी ठेवणार नाही.”