रघोजी अण्णांना मॅनेजर मी केलं

…आणि वर सगळे मलाच म्हणतात, “तूच तर सांगितलंस!” मी! वर्गात हजेरीला मी ‘प्रेझेंट’ म्हणते ते शेजारच्या वसुमतीलासुद्धा ऐकू येत नाही, माझ्या वतीनं तीच ओरडते, ती मी! तुम्हाला सांगते, मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि त्यात अख्खा फुटबॉल क्लब बुडाला.

थांबा, पहिल्यापासून सांगते. मी एरवी बोलत नाही, पण आज सांगते.

आमचे अप्पा, बाळकृष्णराव, आमच्या तंजावरच्या क्लबाचे अध्यक्ष. क्लबाच्या सगळ्या बैठका आमच्या दारातल्या ओट्यावर, तिण्णैवर, आणि आतून कॉफी, आमची कापी, आणायची कोणी? अंबुजानं, म्हणजे मीच. घराची मागची माडी थेट मैदानावर उघडते. सहा वर्षांची असल्यापासून मी तिथून खेळ पाहते, खाली जायची लाज वाटते म्हणून. पण वरून सगळं दिसतं हो! कोण दमलाय, कोण दमल्याचं सोंग करतोय, चेंडू आपल्याकडे येऊ नये म्हणून कोण मनातल्या मनात देवाला हात जोडतोय, सगळं!

आणि आमच्या क्लबाचे रघोजी अण्णा खेळायचे तेव्हा… काय सांगू! समोरच्यांच्या पायांत बूट, आणि हे अनवाणी! वेलदोडा सोलून दाणे काढावेत तसा चेंडू अलगद काढून घ्यायचे आणि निघायचे. मी माडीवर श्वास धरून उभी. दहा वर्षं मी त्या माणसासाठी श्वास धरला. तो सोडायला मला कोणी सांगितलंच नाही.

क्लबाला शिकवायला होते आमच्या शाळेतले ड्रिल मास्तर शेषाद्री. त्यांनी जन्मात एक गोल मारलेला नाही. मागे बचावाला असलेल्या दोघा बॅकांच्या कमरेला काथ्याची दोरी बांधायचे, एक पुढे पळाला की दुसरा फरफटत मागे, आणि हे छत्री हलवत ओरडायचे, “लाइन! लाइन सोडू नको डा!” रोज संध्याकाळी तेच. बघणाऱ्याला जांभया. पण या मास्तरांची टीम दर वर्षी पोंगल शील्डच्या फायनलला पोचायची, आणि दर वर्षी कुंभकोणमकडून एका गोलानं हरायची. एकाच! सात वर्षं, एकाच!

सातव्या वर्षी कमिटी वैतागली. त्याच वर्षी रघोजी अण्णांनी खेळणं सोडलं होतं. दोघं म्हणाले, मास्तरच राहू देत. दोघं म्हणाले, छे, एवढा मोठा खेळाडू घरी बसलाय, त्याला मॅनेजर करा. अप्पा मध्ये अडकले. तेवढ्यात मी कापीचे टंबलर घेऊन बाहेर आले. अप्पा थट्टेनं म्हणाले, “काय अंबुजा, तूच सांग बघू?”

आणि मी म्हटलं, “रघोजी अण्णा.”

अय्यो! चौघंही हसले. “अध्यक्षसाहेब, मुलगी बोलली! आता काय राहिलं?” आणि अप्पांनी खरोखरच आपलं मत तिकडे टाकलं! माझ्या शब्दावर!

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं. माझा एक शब्द खरा ठरू दे, मग दुसरा बोलायचा. कारण मला तिरुचीला कॉलेजात जायचंय. आणि घरात पापनाशमचं स्थळ आलंय. मुलगा चांगला आहे म्हणतात, शेती आहे, आगगाडी दारावरून जाते म्हणतात. मला आगगाडी दारावरून जायला नको, मला तिच्यात बसायचंय! पण हे अप्पांना सांगायचं तर आधी माझ्या बोलण्याला काही वजन हवं की नको? म्हणून शील्ड हवी होती. क्लबाला हवी होती त्याहून जास्त मला हवी होती.

पहिल्या दिवशी रघोजी अण्णा मैदानात आले, दोरी सोडून फेकून दिली. “माणसं आहेत की बैल?” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आवाज न करता. मग म्हणाले, “आता पाहा.” अकरा जणांना मैदानभर खांबासारखं उभं केलं, “हलायचं नाही हं!”, आणि चेंडू घेऊन निघाले. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, अकराव्यालाही चुकवलं, गोल! टाळ्या. “समजलं?” “समजलं, अण्णा!”

काय समजलं? मी माडीवरून पाहत होते, मला काही समजलं नाही! पोस्टातला नटराज आमचा गोलकीपर, त्यानं बिचाऱ्यानं विचारलं, “अण्णा, पण चेंडू डावीकडून आला तर मी कुठे उभं राहायचं?” अण्णा त्याच्याकडे असे बघत राहिले, जणू त्यानं विचारलंय की गिळायचं कसं. “अरे, त्या वेळी आपोआप कळतं!” त्यांना कळत होतं हो. नटराजला कळायचं काय?

चार महिने हेच. ते खेळणार, बाकीचे खांब. चेंडूला पाय लावला तो एकट्या मॅनेजरनं! मला दिसत होतं. माडीवरून सगळं दिसत होतं. सांगायला हवं होतं मी. पण मी एरवी बोलत नाही ना! आणि खरं सांगू? ते इतकं सुंदर खेळत होते, की मीसुद्धा खांबच झाले होते.

पोंगल आला. या वेळी फायनल कुठली, पहिल्याच सामन्याला कुंभकोणम! त्यांचा फॉरवर्ड चिदंबर म्हणजे दुसरा रघोजीच. त्यानं चेंडू घेतला, निघाला… आणि आमचे अकरा जण काय करतात? उभे! चार महिन्यांची सवय, चांगला खेळाडू चेंडू घेऊन आला की हलायचं नाही! एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, अहो, चुकवायचं काय, कोणी आडवं आलं तर ना! गोल. दुसरा गोल. तिसरा. चौथ्याला तर चेंडू जाळ्यात पडला आणि आमच्या नटराजनं टाळ्या वाजवल्या! गोलकीपरनं! स्वतःवर झालेल्या गोलाला!

आणि रघोजी अण्णा? चेंडू एकदा रेषेबाहेर त्यांच्याकडे आला, तो त्यांनी वेष्टी, म्हणजे धोतर, खोचून पायावर सात वेळा उडवला, मग परत दिला. सगळं मैदान ओरडलं. आमच्या बाजूनं त्या दिवशी तेवढाच जयघोष झाला. शेषाद्री मास्तर कोपऱ्यात बसले होते. दर गोलाला छत्री थोडी खाली घ्यायचे. सहाव्याला मास्तर दिसेनासेच झाले.

सहा–शून्य.

हे सगळं मी सोसलं असतं हो. माणूस हरतो. पण दुसऱ्या दिवशी अण्णा आमच्या तिण्णैवर आले, मी केलेली कापी प्याले, आणि कमिटीसमोर म्हणतात काय? “मी कुठे मागितलं होतं हे? मी खेळाडू माणूस. तुमच्या अंबुजाच्या सांगण्यावरून तुम्ही मला बसवलंत.”

दहा वर्षं श्वास धरला मी! आणि हा माणूस मलाही चुकवून पुढे गेला! मी दाराआड उभी होते, हातात रिकामे टंबलर. अप्पा आत येऊन म्हणाले, “शुक्रवारी पापनाशमची मंडळी येताहेत. नीट साडी नेस.” झालं! कॉलेजसाठी उघडायच्या आधीच तोंड मिटलं.

गुरुवारी पुन्हा बैठक. बातमी आली की कुंभकोणमचा चिदंबर गुडघ्यामुळे खेळणं सोडतोय, आणि त्यांच्या क्लबालाही नवा मॅनेजर हवाय. कोणा शाळामास्तराला नेमणार म्हणे. आमची कमिटी सुस्कारे टाकत बसली. मी कापी ठेवली, आणि कसं कोण जाणे, बोलून गेले, “चिदंबरनाच करायला सांगा की.”

कोणी हसलं नाही या वेळी. अप्पांनी टंबलर खाली ठेवला आणि म्हणाले, “कागद आण.” पत्र कुंभकोणमच्या अध्यक्षांना. एवढ्या थोर खेळाडूचा सन्मान व्हायलाच हवा, आमचा तसा फार चांगला अनुभव आहे, वगैरे वगैरे. मजकूर अप्पांचा, अक्षर माझं. आणि पापनाशमला निरोप गेला, पुढच्या पोंगलपर्यंत थांबा.

त्यांनी ऐकलं हो! चिदंबरला केलं मॅनेजर! आता कुंभकोणम पडलं की माझा शब्द खरा, आणि त्याच संध्याकाळी मी तिरुचीचं बोलणार. रोज देवापुढे उभी राहून एवढंच मागते, की त्या माणसाला शिकवता येऊ नये. पण काय सांगायचं तुम्हाला… माझं नशीब असं, की सगळ्या जगातला नेमका हाच खेळाडू चांगला मॅनेजर निघायचा!